दादाबरोबर सोडलेली विडी

मी विडी दोनदा सोडली. पहिल्या वेळी गावाने माझं कौतुक केलं. दुसऱ्या वेळी मी ती खरोखर सोडली तेव्हा ते कुणाला खरं वाटलं नाही, आणि ज्याला वाटायला हवं होतं त्याला तर नाहीच.

आमचं घर चौलला. घरामागे वाडी, वाडीत पोफळी आणि नारळ, मध्ये रहाटाची विहीर. वडील लवकर गेले, त्यामुळे वाडी माझ्या थोरल्या भावाने अंगावर घेतली. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मी सातवीची परीक्षा पास झालो आणि पुढे कुठे न जाता त्याच्या हाताखाली वाडीतच राहिलो. विडीही त्याच्याच हातून घेतली. सुपारी पाडायच्या दिवसांत पोफळीवरून उतरलं की दादा विहिरीच्या काठावर बसून विडी पेटवायचा आणि अर्धी झाली की माझ्यापुढे धरायचा. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्याने धरली म्हणून घेतली आणि आवडली म्हणून ओढत राहिलो. दोष त्याला देण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास मी दिवसाला एक बंडल ओढत होतो आणि दादा दीड. सकाळची पहिली विडी ओढल्याशिवाय आम्हा दोघांनाही परसाकडे होत नसे. माझी बायको म्हणायची, या भावांच्या पोटाला वात लावावी लागते.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी दादाला खोकला लागला. पावसाळ्यात लागला तो नवरात्र आलं तरी जाईना. खोकताना त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या आणि मग बराच वेळ तो भिंत धरून उभा राहायचा. वहिनी घाबरल्या, कारण त्यांचा भाऊ क्षयाने गेला होता. शेवटी मीच दादाला घेऊन अलिबागला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "क्षय नाही. पण ही छाती तुमच्या वयाची नाही, म्हाताऱ्याची आहे. विडी सोडा. कमी करतो वगैरे मला सांगू नका, सोडा. नाहीतर औषधाला परत येऊ नका."

परतताना मोटारीत दादा खिडकीशी बसला होता. नागाव मागे पडलं तेव्हा म्हणाला, "मला एकट्याला नाय जमणार रे."

"जमेल. औषध दिलंय ना."

"औषध काय करणार? तू समोर बसून ओढणार आणि माझा हात आपोआप पुढे येणार. तूपण सोड."

मी हसलो. तो हसला नाही.

"दोघं सोडू," तो म्हणाला. "माझ्यासाठी म्हणून सोड. आजवर तुझ्याकडे काय मागितलं नाय मी."

ते खरं होतं. वडील गेल्यापासून त्याने मला दिलंच होतं, मागितलं काही नव्हतं. मी हो म्हणालो. त्या क्षणी मनापासून म्हणालो, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघे दत्ताच्या टेकडीवर गेलो. देवळापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत. त्या चढताना दादा पाच वेळा थांबला. मी दोन वेळा थांबलो, पण त्याच्यासाठी थांबल्यासारखं दाखवून. वर पोचल्यावर पादुकांवर हात ठेवून आम्ही शपथ घेतली. मग बाहेर येऊन दादाने त्याचं बंडल, माझं बंडल आणि काडेपेटी कठड्यापलीकडे करवंदीच्या जाळीत भिरकावली. काडेपेटी फेकताना तो म्हणाला, "ही घरी चुलीला चालली असती," आणि मग स्वतःच हसायला लागला आणि हसता हसता खोकायला.

मी चार दिवस काढले. ते दिवस कसे होते ते मला नीट आठवतही नाही, इतके थोडे होते. पाचव्या दिवशी नारळ घेऊन रेवदंड्याला बंदरावर गेलो होतो. होडीवरच्या ओळखीच्या एका तांडेलाने नेहमीसारखी विडी पुढे केली आणि मी नेहमीसारखी घेतली. पहिल्या झुरक्याला डोकं गरगरलं. दुसऱ्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन दादाला सांगून टाकू असं ठरवून मी परत आलो.

दादा ओटीवर बसला होता. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बशीत सांडत होता. मला बघून म्हणाला, "आजचा दिवस लय वाईट गेला. दुपारी वाण्याच्या दुकानापर्यंत गेलो होतो, माहितंय? मग तुझी आठवण आली. म्हटलं, तो तिकडे बंदरावर सगळे ओढत असतील त्यांच्यात उभा आहे आणि ओढत नाय, आणि मी इथे दुकानाच्या पायरीवर. परत फिरलो."

मी त्याच्या शेजारी बसलो. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "हात माझेपण थरथरतायत."

तिथून ते सुरू झालं. चोरून ओढायचं तंत्र मी लवकर बसवलं. वाडीच्या खाडीकडच्या टोकाला जुन्या विहिरीचा खड्डा होता, तिथे दिवसातून चार-पाच वेळा जायचो. नंतर पेरूची पानं चावायची, चूळ भरायची, वर एक लवंग. सदरा गोठ्यात टांगायचा, म्हणजे त्याला गोवऱ्यांच्या धुराचा वास लागेल. बायकोला अर्थातच कळलं. ती म्हणाली, "भावाला सांगा तरी. ते तुमच्या भरवशावर बसलेत." मी तिच्यावर ओरडलो. खरं बोलणाऱ्यावरच माणूस जास्त ओरडतो.

संध्याकाळी दिवेलागणीला दादा आणि मी ओटीवर बसायचो, आणि तो मला त्याच्या अंगात काय चाललंय ते सांगायचा. पूर्वी ही विडीची वेळ होती, आता ही बोलण्याची वेळ झाली.

"जीभ सोलल्यासारखी झालीये. तुझी?"

"माझीपण."

"झोप लागली?"

"नाय. पहाटे जरा डोळा लागला."

मी आडवा पडलो तो सकाळपर्यंत हललो नव्हतो.

त्याचा खोकला आधी वाढला. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, तरी तो घाबरला. काळपट बेडके पडायचे, ते तो केळीच्या पानावर धरून मला दाखवायचा. "हे बघ, आत किती साठलं होतं." मी म्हणायचो, माझेपण असेच पडतात. पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं. वहिनी त्याला रोज एरंडेल द्यायच्या, आणि मलाही द्यायच्या, कारण मीही तक्रार केली होती. ते मला प्यावं लागायचं. एकदा त्याने भात आळणी आहे म्हणून ताट उचलून अंगणात फेकलं. जन्मात कधी वहिनींना चढ्या आवाजात बोलला नव्हता तो. नंतर स्वतः जाऊन भात वेचत बसला आणि मला म्हणाला, "तुझा पण जीव असा उठतो का रे? तू कसा शांत असतोस?"

"मी मनात दाबतो," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी तो बदलायला लागला. आधी भूक आली. सकाळी तांदळाच्या तीन भाकऱ्या खाऊन तो परत चुलीपाशी घुटमळायचा. गुळाचे खडे तोंडात ठेवून वाडीत फिरायचा. मग एका सकाळी त्याने मला हाक मारून कुंपणापाशी नेलं आणि म्हणाला, "वास घे." पलीकडच्या वाडीत सोनचाफा होता, तो त्या कुंपणापासून तीस-चाळीस पावलांवर. "इतकी वर्षं मी इथून जातो," तो म्हणाला. "मला वाटायचं झाडाला वासच नाय. आला तुला?"

"आला," मी म्हणालो. मला वास आला नव्हता.

दोन महिन्यांत त्याच्या गालांवर मांस आलं. खोकला गेला. दत्तजयंतीच्या जत्रेला टेकडी चढताना तो एकदाच थांबला, आणि तोही कुणीतरी हाक मारली म्हणून. वर देवळापाशी जो भेटेल त्याला त्याने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हा होता म्हणून माझी सुटली. ह्याने सोडली नसती तर मी आठ दिवस टिकलो नसतो." लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते. शाळेच्या मास्तरांनी मला त्यांच्या धाकट्या भावाला दोन शब्द सांगायला सांगितले आणि मी ते सांगितले. पुढेही तो थांबला नाही. लग्नात, बाजारात, मोटारीच्या थांब्यावर, जिथे चारजण असतील तिथे दादा माझं नाव घ्यायचा. मला वाटायचं, किती भोळा आहे हा.

त्या संक्रांतीला वहिनींनी मला जेवायला बसवलं, सोड्यांचं कालवण वाढलं आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही माझं कुंकू राखलंत." मी मान खाली घालून जेवत राहिलो. आणखी एक भाकरीही मागून घेतली.

असं वर्ष गेलं. वर्षभर कुणी खोटं बोलू शकतं हे सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. मला सांगायचंय की ते फार सोपं असतं. पहिले पंधरा दिवस कठीण जातात. नंतर खोटं ही एक सवयच होते, विडीसारखीच, आणि ती सोडायचा विचारही मनात येत नाही.

पुन्हा सुपारी पाडायचे दिवस आले. आमच्याकडे प्रत्येक पोफळीवर खालून चढत नाहीत. पायात काथ्याचा फास अडकवून एकदा वर गेलं की घड कापायचा, दोराने खाली सोडायचा, मग खोड झुलवत झुलवत शेजारची पोफळ धरायची आणि तिच्यावर जायचं. अशा दहा-पंधरा पोफळी करून माणूस खाली येतो. आदल्या वर्षी दादाला एकसुद्धा जमली नव्हती, गडी लावावा लागला होता. त्या वर्षी तो म्हणाला, "गडी नको. आपण दोघं करू."

तो वर गेला तो चाळिशीच्या माणसासारखा गेलाच नाही. चार पोफळी त्याने मी पहिल्या पोफळीच्या निम्म्यावर असेपर्यंत केल्या. मी निम्म्यावर थांबलो होतो, कारण मला श्वास घेता येत नव्हता. छातीत कुणी मूठ आवळल्यासारखं झालं होतं. मग खोकला सुरू झाला. खोड कवटाळून मी खोकत होतो आणि माझ्याबरोबर अख्खी पोफळ हलत होती. वर बघितलं तर दादा शेजारच्या शेंड्यावरून खाली माझ्याकडे बघत होता. घड कापायचा कोयता त्याच्या हातात तसाच होता.

"खाली उतर," तो म्हणाला. "हळू उतर."

तोही उतरला. मी विहिरीच्या काठावर बसलो होतो. मी म्हणालो, "सर्दी झालीये दोन दिवस. छातीत बसली."

"नाय," दादा म्हणाला.

"खरंच. हिला विचार."

"मला दुसऱ्या महिन्यापासून माहितंय," तो म्हणाला. "माझं नाक परत आलं ना? तुला कुंपणापाशी नेऊन सोनचाफ्याचा वास दाखवला, त्याच दिवशी तुझ्या अंगाचापण आला. लवंग, पेरूचा पाला आणि खाली विडी. रोज ओटीवर माझ्या शेजारी बसतोस तेव्हा येतो."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, सोडशील. मी काय बोललो नाय तर तुझं तुलाच वाटेल आणि सोडशील. गावभर तुझं नाव कशाला सांगत फिरलो? लोकांसमोर लाज वाटून तरी सोडशील म्हणून." त्याचा आवाज चढला नव्हता. "वर्ष झालं. रोज संध्याकाळी मी तुला विचारायचो, आज कसं वाटतंय. रोज एक दार उघडून ठेवायचो तुझ्यासाठी. तू एकदापण आला नायस."

"दादा, मी—"

"मला त्या पहिल्या महिन्यात मरण बरं वाटत होतं. तुला माहितंय? आणि तू मला सांगत होतास, माझं पण तसंच होतंय. मला वाटायचं, दोघं आहोत."

एवढं बोलून तो कोयता घेऊन पुन्हा वर गेला. उरलेल्या पोफळी त्याने एकट्याने केल्या. मी खाली पडलेले घड गोळा करत होतो.

भांडण झालं नाही. त्याने गावातही कुणाला सांगितलं नाही, फक्त माझं नाव घ्यायचं बंद केलं, आणि लोकांना जे समजायचं ते समजलं. ओटीवर बसणं थांबलं. वहिनी पूर्वीसारख्याच वाढायच्या, पण माझ्या ताटाकडे बघून, माझ्याकडे नाही. सगळ्यात जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. संध्याकाळी दादा विचारायचा, "पाट बांधलास का?" वाडीला पाणी देऊन झालं की पाटाचं तोंड मातीने बांधावं लागतं, नाहीतर पाणी वाया जातं. मी म्हणायचो, बांधला. मग तो उठून स्वतः वाडीत जाऊन बघून यायचा. पाट बांधलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तो परत विचारायचा, मी परत सांगायचो, तो परत जाऊन बघायचा.

आता चोरून ओढायचं कारण उरलं नव्हतं. मी उघड ओढायला लागलो, दोन बंडलं, आणि त्यातली बरीचशी त्याला दिसेल अशा जागी. मी एवढा वाईट आहे ना, तर आहे, असं काहीतरी माझ्या मनात होतं. पुढे वाटण्या झाल्या. त्या विडीवरून झाल्या असं मी म्हणणार नाही, सगळ्या घरांत होतात तशा झाल्या. वाडीत कुंपण आलं, विहीर सामाईक राहिली. रहाटापाशी गाठ पडायची तेव्हा पाऊसपाण्याचं बोलायचो.

दहा वर्षं गेली. चाळिशी उलटली तेव्हा माझे पाय दुखायला लागले. मोटारीच्या थांब्यापर्यंत चालत गेलो तरी डाव्या पोटरीत गोळा यायचा. थांबलं की जायचा, चाललं की यायचा. पाऊल उन्हाळ्यातही गार. एक काटा अंगठ्यात मोडला, त्याची जखम भरेना. हळद लावली, गावठी लेप लावले. अंगठा आधी निळा आणि मग काळा पडला. त्याचा ठणका असा होता की मी पाय खाटेवरून खाली लोंबकळत ठेवून बसायचो.

दादाला कळलं तेव्हा तो कुंपण ओलांडून आला, पाय बघितला आणि दुसऱ्या दिवशी मला मुंबईला घेऊन गेला. रेवसला बोटीत चढताना त्याने मला उचललं. पन्नाशीला आलेला माणूस आपल्या भावाला फळीवरून उचलून नेत होता आणि त्याला दमही लागला नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझी बोटं बघितली, पिवळी पडलेली, हाताची. म्हणाले, "हा विडीचाच रोग आहे. रक्ताच्या नळ्या बंद होत जातात. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल. ओढत राहिलात तर पुढल्या वर्षी गुडघ्यापासून काढू. पाय हवा की विडी, एवढंच सांगा."

दादा शेजारी उभा होता. तो खिडकीकडे बघत राहिला. तिथे असेपर्यंत त्याने सगळं केलं, चहा आणला, कपडे धुतले, बेडपॅनसुद्धा उचललं. पण 'विडी सोड' हे दोन शब्द एकदाही उच्चारले नाहीत.

मी सोडली. शपथ घेतली नाही, टेकडीही चढलो नाही. दोन बोटं गेलेल्या पायाने चढता आलंही नसतं. भीतीने सोडली. आणि मग ते सगळं आलं, जसंच्या तसं, दादाने ज्या क्रमाने सांगितलं होतं त्या क्रमाने. हात थरथरले. सहाव्या दिवशी जीभ सोलली गेली, पाणी प्यालं तरी झोंबायचं. पोट दगडासारखं झालं. झोप लागायची नाही आणि लागली तर स्वप्नात विडी ओढायचो, मग दचकून उठून आपण ओढली की काय म्हणून तोंडाचा वास घ्यायचो. बायकोवर असा खेकसायचो की ती दोन दिवस माहेरी जाऊन राहिली. काळपट बेडके पडायला लागले तेव्हा मी केळीच्या पानाकडे बघत राहिलो. मला वाटत होतं की त्या वेळी दादा थोडं वाढवून सांगायचा. त्याने उलट कमी करून सांगितलं होतं.

मग भूक आली. बोंबलाचं कालवण पहिल्यांदा जिभेला कळलं आणि मी रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डावं पाऊल हळूहळू ऊबदार झालं, उरलेल्या तीन बोटांवर नखं नीट वाढायला लागली. पोटरीतला गोळा कमी होत होत गेला. पँट कमरेला बसेना. नाक आलं ते मात्र चाफ्याने आलं नाही. मला आधी आला तो माझ्या गोधडीचा वास, आणि मग खोलीच्या भिंतींचा, आंबट, जुन्या धुराचा. ती गोधडी मी चारदा धुतली, शेवटी जाळली. बायको म्हणाली, "आत्ता आला होय वास? मी वीस वर्षं त्याच्या शेजारी झोपलेय."

तीन महिने झाले तेव्हा मी दादाकडे गेलो. तो ओटीवर अडकित्त्याने सुपारी फोडत बसला होता. मी त्याच्यासमोर बसलो, इतक्या वर्षांनी.

"दादा, मी सोडली."

"बरं."

"खरंच सोडली. तीन महिने झाले."

"चांगलं झालं. पायाला बरं."

मला थांबवेना. मी त्याला सगळं सांगायला लागलो. जीभ कशी सोलली गेली, बेडके कसे पडले, चौथ्या आठवड्यात भूक कशी आली, आता कुंपणाशी उभं राहिलं की चाफा कसा येतो. मी घाईघाईने बोलत होतो. दादाने अडकित्ता खाली ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती.

"हे सगळं तू मला दहा वर्षांपूर्वीच सांगितलंयस," तो म्हणाला.

मी उठलो. वहिनी चहा घेऊन बाहेर येत होत्या, त्यांना म्हणालो, नको.

त्यानंतर माझं शरीर सुधारतच गेलं. गावात लोक म्हणायचे, अंगठा गेला पण माणूस भरला. चालताना मी थोडा लंगडायचो, पण दम लागायचा नाही. पोफळीवर चढणं मात्र कायमचं संपलं. खोड धरायला पायाचा अंगठा लागतो. छाती पोफळीसाठी तयार झाली तेव्हा पाय उरला नव्हता. सुपारीच्या दिवसांत मी गडी लावायचो आणि खाली उभा राहून कुंपणापलीकडे दादाला एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जाताना बघायचो.

चार वर्षांनी दादाला कावीळ झाली. गावातल्या औषधाने आठ दिवस काढले आणि नवव्या दिवशी तो बरळायला लागला. वहिनींनी कुंपणापाशी येऊन हाक मारली. मोटारीची वेळ नव्हती, सायकल कुणाची मिळेना. मी रेवदंड्यापर्यंत डॉक्टरांना आणायला धावत गेलो. आठ बोटांच्या पायांनी, दुपारच्या उन्हात, कुठेही न थांबता. डॉक्टरांच्या दारात पोचलो तेव्हा मला सरळ बोलता येत होतं. विडी ओढणाऱ्या माणसाला ते जमलं नसतं. दादाने ते पाहिलं असतं तर त्याला काही सांगावं लागलं नसतं. पण आम्ही आलो तेव्हा तो डोळे उघडत नव्हता. डॉक्टर तपासून म्हणाले, "छाती उत्तम आहे. यकृत संपलंय." दोन दिवसांनी तो गेला.

दादाचे दिवस झाल्यावर एका सकाळी मी वहिनींकडे गेलो. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, "वहिनी, मी सोडली ते दादाला कधी खरं वाटलं होतं का?"

त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एकदा म्हणाले होते, त्याच्या अंगाला आता वास येत नाय."

"कधी?"

"तुम्ही येऊन सांगून गेलात ना, त्याच दिवशी."

"मग मला का नाय बोलला?"

"मीपण तेच विचारलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, वास येत नाय एवढं मला कळलं. पण आता तो काय सांगायला लागला की माझं मन ते धरतच नाय, मी काय करू?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या. मी घरी आलो. मला दादाचा राग आला होता. सगळं माझंच चुकलं होतं हे मला ठाऊक होतं, तरी आला. चार वर्षं त्याला माहीत होतं आणि एक शब्द तो बोलला नाही. मी वर्षभर बोललो नव्हतो, तो चार वर्षं. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.